पिवळ्या मातीचा नाला

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी मारवाडात जाणार आहे, असं मी घरात सांगितलं तेव्हा माझा मोठा भाऊ जेवत होता. त्यानं मानही वर केली नाही.

"वाळवंट पाहाले जातं काय कोणी?" तो म्हणाला. "काऊन? आपल्या इथं ऊन कमी पडून राह्यलं?"

मग वहिनीकडं बघून हसला. तो हसला म्हणून वहिनीही हसली, आणि माझा मारवाड तिथंच संपला. दोन वर्षं मी त्याची तयारी करत होते. नकाशा उतरवून घेतला होता, गाड्यांच्या वेळा विचारून ठेवल्या होत्या. ते सगळं एका घासाबरोबर गिळून त्यानं वर ताक मागितलं.

मी तेव्हा वर्ध्यातल्या एका मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवत होते. पंचविशी उलटली होती, लग्न झालेलं नव्हतं, आणि ते होत नाही याचं दुःख घरात माझ्याखेरीज सगळ्यांना होतं. बोरगावच्या वाटेवर आमची भाजीपाल्याची वाडी होती. वडील गेले, भाऊ कचेरीत कारकून झाला, पण वाडी मायनं सोडली नाही. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर टोपल्यात भरून ती उजाडायच्या आत बाजारात जायची. एकटी. पावसात, थंडीत, अंगात ताप असतानाही एकटी. तिला कधी कुणी विचारलं नाही की बाई, तुझ्यासंगं कोण आहे. टोपलं डोक्यावर असलं की बाईला एकटं फिरायची मोकळीक असते. गळ्यात कॅमेरा असला की नसते, हे मला पुढं कळायचं होतं.

कॅमेरा जुना होता, घडीचा, पुढून भाता बाहेर निघणारा. नागपूरच्या एका फोटोवाल्यानं दुकान बंद करताना तो मला दिला होता. काळेपांढरे फोटो मी न्हाणीघराच्या खिडकीला गोधडी लावून स्वतःच धुवायचे. पण त्या वर्षी माझी एक वर्गमैत्रीण मुंबईहून आली आणि तिनं माझ्या हातात रंगीत फिल्मचे दोन रोल ठेवले. रंगीत रोल तेव्हा आमच्या गावात कुणी डोळ्यांनी पाहिला नव्हता. तो धुवायलाही मुंबईलाच पाठवावा लागे. शाळेच्या वाचनालयात एक विलायती मासिक यायचं, त्यात वाळवंटाची रंगीत चित्रं होती. तांबडी टेकडी, तिच्या पायाशी हळदीसारखी वाळू, मागं जांभळी सावली. ती पानं मी इतक्या वेळा उघडली होती की मासिक आपोआप तिथंच उघडायचं. म्हणून मारवाड.

भावाचं ते वाक्य मात्र डोक्यातून जाईना. आपल्या इथं ऊन कमी पडून राह्यलं? रात्रंदिवस तेच. शाळेत मुलींच्या चित्रांवर लाल पेन्सिल फिरवताना, मायसोबत वाफ्यात पाणी सोडताना. आणि एक दिवस त्या रागातच मला सुचलं की खरंच कुठं कमी पडतं? हिंगणघाटच्या पुढं, जाम सोडून समुद्रपूरकडं वळलं की मे महिन्यात काय उरतं? नांगरून ठेवलेली काळी ढेकळं, हात आत जाईल एवढ्या भेगा, चुनखडीचे पांढरे पट्टे, मुरमाच्या तांबड्या उतरणी. बसच्या खिडकीतून मी ते किती वेळा पाहिलं होतं आणि बस दर वेळी पुढं निघून गेली होती. ठरवलं की सायकलनं जायचं. सायकल हवी तिथं थांबते आणि तिला कंडक्टर नसतो.

फक्त मायला सांगितलं.

ती भेंडी निवडत होती. "कवा येशीन?" तिनं विचारलं.

"चार-पाच रोज लागतीन."

"दादाले?"

"नाई सांगितलं."

तिनं एक किडकी भेंडी बाजूला टाकली. मग म्हणाली, "पानी पेत राहजो. अन् डोकं उघडं नको ठेवजो." सकाळी निघताना तिनं भाकरी आणि कांदे फडक्यात बांधून दिले, आणि वांग्यांचं टोपलं उचलून ती बाजाराच्या बाजूला गेली. मी दुसऱ्या बाजूला.

हिंगणघाटपर्यंतचा रस्ता ओळखीचा होता. कॅरिअरला पाण्याची कापडी छागल बांधली होती, डोक्याला ओला पंचा, आणि दोन्ही रोल पितळी डब्यात ओल्या फडक्यानं गुंडाळून ठेवले होते, कारण ऊन फिल्मला खातं. वणा नदीच्या कोरड्या पात्रात टरबुजाच्या वाड्या होत्या. करड्या वाळूत हिरवे वेल आणि मधेच कुणीतरी फोडून टाकलेलं लाल टरबूज. पहिला रोल चढवून मी तिथं पहिला फोटो घेतला. वाडीवाला धावत आला.

"काय करून राह्यली बाई?"

"फोटो."

"कायचा?"

"वाळूचा."

तो माझ्या मागं रस्त्याकडं बघू लागला. "संगं कोण हाय?"

"कोणी नाई."

"म्हंजे मागून येऊन राह्यले?"

"मागून बी कोणी येत नाई."

त्याला ते पटलं नाही. मी निघाले तरी तो रस्त्यावर उभा राहून मागून येणाऱ्या माणसाची वाट बघत होता.

मग हे सुरूच झालं. हिंगणघाटला मावशीकडं मुक्काम केला, तिनं दारातच विचारलं. जामला चहावाल्यानं विचारलं आणि बाकड्यावर बसलेल्या पाच-सहा जणांनी उत्तरासाठी कान टवकारले. जामच्या पुढं तर एसटीच्या ड्रायव्हरनं माझ्याशेजारी बस थांबवली. खिडक्याखिडक्यांतून माणसांची डोकी बाहेर आली.

"बाई, काई लफडं झालं काय घरी?" ड्रायव्हर वरून ओरडला. "बसा गाडीत. सायकल वर टाकतो. पैसे नोका देऊ."

"लफडं काई नाई. तुमी जा."

"अवं, उन्हात मरशीन ना!"

"तुमी मला उन्हात थांबवून राह्यले," मी म्हणाले. "गाडी चालवा."

बसमध्ये हशा पिकला. ती निघून गेल्यावर धुरळा खाली बसेपर्यंत मी तिथंच उभी होते. कुणी वाईट बोललं नव्हतं. सगळे काळजीच करत होते. पण त्या काळजीत माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवायला जागाच नव्हती. मी एकटी आहे म्हटलं की माणसं माझ्या पाठीमागं बघायची. या गोष्टीचा मला किती राग यायचा हे आजही मला नीट सांगता येत नाही.

समुद्रपूरला एका ओळखीच्या शिक्षिकेकडं राहिले आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच गिरडच्या तांबड्या टेकडीच्या दिशेनं निघाले. तिथं मात्र बराच वेळ कुणी भेटलं नाही, आणि मी खरोखर सुखात होते. सूर्य अजून खाली होता. काळ्या शेतांवर त्याचा उजेड आडवा पडला की प्रत्येक ढेकळाला एक बाजू निळी आणि एक बाजू तांबूस दिसायची. दूरवर झळा उठायला लागल्या होत्या आणि त्यांत नसलेलं पाणी चमकत होतं. एका धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बहावा फुलला होता, आसपास हिरवं पान नाही आणि हा एकटा पिवळाधमक. मी सायकल आडवी टाकून जमिनीवर पालथी झोपले आणि भेगांवरून तो टिपला. विलायती मासिकातल्या वाळवंटापेक्षा आमचं वाळवंट कशातच कमी नव्हतं.

रस्त्यापासून थोडं आत एक नाला दिसला. पाणी नव्हतंच. पावसाळ्यानं काठ उभा चिरलेला होता आणि त्या चिरेत रंगांचे थर लागले होते. वर काळी माती, तिच्या खाली पांढरा चुनखडीचा पट्टा, मग पिवळी माती, अगदी हळदीची, आणि तळाशी गेरूसारखा तांबडा मुरूम. आणि त्या पिवळ्या पट्ट्यापाशी चार-पाच बाया खुरप्यांनी माती काढून टोपल्यांत भरत होत्या.

मला बघून त्या थबकल्या. त्यांतली एक म्हातारी होती, उंच, कपाळ मोकळं, हिरवं लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं. तिनं मला विचारलं, "कोण्या गावची व तू?"

"वर्ध्याची. शाळेत शिकवते. फोटो काढू काय?"

"आमचा?"

"मातीचा. तुमी म्हनान तं तुमचा बी."

ती हसली. संगं कोण आहे ते तिनं विचारलं नाही. मी मनात म्हटलं, चला, एक तरी माणूस भेटलं. त्या सगळ्या गावकुसाबाहेरच्या वस्तीतल्या होत्या. नागपूरला धर्मांतर झालं त्यानंतरचा हा दुसरा उन्हाळा होता, आणि बुद्धपौर्णिमा तोंडावर आली होती. त्यासाठी घरं सारवायची होती. भिंतींना पिवळी माती, चौकटींना पांढरी. "सणाले लोकं घर सारवतेतच," म्हातारी म्हणाली, "पन हा सन आमचा सोताचा हाय ना." मी त्यांचे फोटो काढले. वाकलेल्या पाठी, पिवळे झालेले हात, मागं ती रंगीत चीर. रोल संपायला एकच फोटो उरला होता तेव्हा वरच्या काठावर कोतवाल येऊन उभा राहिला.

त्यानं आधी बायांना शिव्या दिल्या. मग खाली उतरून टोपल्या पायानं उलथ्या केल्या. ही माती मालकाची आहे, तुम्हाला बंदी केलेली कळत नाही काय, असं तो ओरडत होता. मालक म्हणजे गावचा जुना मालगुजार. मालगुजारी जाऊन वर्षं झाली होती, सरकारनं नाले, गायरानं सगळी काढून घेतली होती, पण गावात अजून तोच मालक होता. या वस्तीनं मेलेली ढोरं ओढायचं सोडलं, तेव्हापासून त्यानं त्यांना नाल्यावर पाय ठेवू द्यायचा नाही असं ठरवलं होतं. हे मला म्हातारीनंच तिथं, कोतवालाच्या देखत, मोठ्यानं सांगितलं.

कोतवाल माझ्याकडं वळला. "अन् ही कोन?" मग मागं बघून, "संगं कोन हाय तुमच्या?"

"कोणी नाई."

"चला मालकाकडं."

मी नाही म्हटलं. त्यानं माझी सायकल उचलली आणि चालू लागला. मला मागं जावं लागलं. म्हातारी टोपलं तिथंच टाकून माझ्याबरोबर आली. मी तिला नको म्हटलं, तर ती म्हणाली, "तू वाट चुकशीन."

मालकाची ओसरी मोठी होती. तो आरामखुर्चीत बसला होता, अंगात बंडी, हातात पंखा. साठीचा गोरा माणूस, आवाज अगदी मऊ. म्हातारीला त्यानं अंगणात उन्हात उभं राहायला सांगितलं. मला बसायला सतरंजी दाखवली. मी बसले नाही.

"कोनी पाठवलं?" त्यानं विचारलं.

"मी आपल्या मनानं आली."

"सच बोलजो. कलेक्टरनं पाठवलं का या लोकाइच्या पुढाऱ्यानं?"

"मी चित्रकला शिकवते. मला रंगीत जमिनीचे फोटो पाहिजेत."

त्यानं कोतवालाकडं पाहिलं आणि दोघंही हसले. "जमिनीचे फोटो! बाई, जमिनीचे फोटो कोनी काढते काय? जमिनीची मोजनी होते." मग त्यानं हात पुढं केला. "दाखवा काय काढलं ते."

मी सांगितलं की आत्ता काही दिसत नाही, फिल्म धुवावी लागते, उजेड लागला की सगळं जातं. हे मी त्याला दोन वेळा, अगदी शाळेत सांगावं तसं सांगितलं. त्याला ते समजलं होतं, याबद्दल माझ्या मनात तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही. कोतवालानं माझ्या गळ्यातून कॅमेरा काढून घेतला. मी पट्टा धरून ठेवला तेव्हा त्यानं माझं मनगट पिळलं. मालकानं कॅमेऱ्याचं मागचं झाकण शोधलं, उघडलं आणि फिल्मचं टोक चिमटीत धरून ओढलं. विहिरीतून दोर ओढतात तशी त्यानं ती सगळी बाहेर ओढली आणि अंगणातल्या उन्हासमोर धरली.

"कुठं हाय फोटो?" तो म्हणाला. "यात तं काईच नाई."

वणेचं पात्र, लाल टरबूज, बहावा, बायांचे हात. त्याच्या मांडीवर वेटोळं होऊन पडलं होतं सगळं. मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, पण शब्द चांगले नव्हते आणि ते मी घरी कधी वापरले नव्हते. मालकाच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा राग आला. "घरचं मानूस येईस्तोवर हिले जाऊ देऊ नोका," तो म्हणाला. कोतवालानं सायकलच्या दोन्ही चाकांची हवा सोडली.

घरचं माणूस दुपारपर्यंत आलंच. माझा माग काढणं काय अवघड होतं! सायकलवर एकटी बाई, प्रत्येक गावानं पाहिलेली. त्यानं खोदून विचारल्यावर मायनं आदल्या संध्याकाळी सांगितलं होतं, भाऊ पहाटेच्या बसनं निघाला, जामच्या चहावाल्यानं आणि समुद्रपूरच्या शिक्षिकेनं पुढचं सांगितलं, आणि तो कुणाच्या तरी बैलबंडीत बसून धुरळ्यानं पांढरा होऊन अंगणात उतरला. खोटं कशाला बोलू, त्याला बघून मला बरं वाटलं. मला वाटलं, आता हा बोलेल. हा कचेरीतला माणूस आहे, याला कायदा कळतो, माझा सख्खा भाऊ आहे.

भावानं चपला अंगणात काढल्या. मालकासमोर गेला आणि हात जोडले.

"मालक, चूक झाली," तो म्हणाला. "आमची पोरगी जराशी तशीच हाय. बाप नाई ना. लाडात वाढली. माफ करा."

मालक एकदम विरघळला. भावाला त्यानं खुर्ची दिली, पाणी मागवलं, कोणत्या कचेरीत, साहेब कोण, सगळं विचारलं. साहेब त्याच्या ओळखीचे निघाले. भाऊ पुन्हा हात जोडून म्हणाला, "या बायाईनं फसवलं असन तिले. तिले समजत नाई. ह्या लोकाइले आजकाल लई जोर आला."

म्हातारी सकाळपासून अंगणात उभी होती. तिला कुणी पाणी दिलं नव्हतं. मी माझी छागल दिली तेवढंच. तिनं हे ऐकलं. ती माझ्याकडं बघत राहिली. मालगुजारानं फिल्म ओढली तेव्हाही मला जे झालं नव्हतं ते तिच्या त्या बघण्यानं झालं.

"दादा," मी म्हणाले, "मला कोणी फसवलं नाई. मी विचारून फोटो काढले. नाला सरकारचा हाय, याईचा नाई. याईनं माही वस्तू खराब केली, माहा हात पिरगाळला. माफी तू माह्या नावानं मागू नको. तुले मागाची असन तं तुह्या नावानं माग."

"चूप," भाऊ म्हणाला.

"या बाईची माफी माग."

"चूप बस म्हटलं ना!"

"ते सकाळपासून उन्हात उभी हाय. तू तिच्यावर आळ घेतला. तिची माफी माग."

तो उठला. मला वाटलं मारतो. मारलं नाही. मालक मऊ आवाजात म्हणाला, "जाऊ द्या, बाईमानूस हाय," आणि कॅमेरा उचलून भावाच्या हातात दिला. माझ्या नाही. "सांभाळा तुमची चीज," असंही म्हणाला. भावानं तो स्वतःच्या गळ्यात अडकवला. माझा कॅमेरा त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर लोंबत होता आणि तो त्या माणसाला नमस्कार करत होता.

मी पुढं होऊन पट्टा त्याच्या डोक्यावरून काढला. त्याची टोपी खाली पडली. ती उचलून द्यायला मी थांबले नाही.

बाहेर बंडी उभी होती. भाऊ म्हणाला, "बस." मी म्हणाले, "नाई बसत." तो म्हणाला की मायची शपथ आहे. मी म्हणाले, मायला मी सांगून आले आहे, शपथ तिला घालू दे. तो म्हणाला, माझी नोकरी घालवशील. मी हवा गेलेली सायकल ढकलत म्हातारीबरोबर निघाले. मागं वळून बघितलं नाही, पण बंडीच्या बैलांच्या घुंगरांचा आवाज दुसऱ्या दिशेनं जाताना ऐकू आला.

वस्तीत एका घरी हवा भरायचा पंप निघाला. घराघरांतून बाया जमल्या होत्या, सकाळच्या उलथलेल्या टोपल्यांची गोष्ट आधीच पोचली होती. मी म्हातारीला म्हणाले, "माझ्यामुळं तुमाले त्रास झाला."

"तुह्यामुळं काऊन होईन? ते तं आमाले रोजच त्रास देतेत," ती म्हणाली. "अजून हाय काय तुह्यापाशी ते फिलिम?"

पितळी डब्यात दुसरा रोल होता.

"मंग काढ. आमच्या सारवलेल्या भिती पाह्य."

आदल्या दिवशीची माती लागलेली काही घरं होती. पिवळ्या भिंती, दारांभोवती बोटभर पांढरी किनार, एका घराच्या चौकटीला नीळ कालवून लावलेली. संध्याकाळचं ऊन त्या भिंतींवर पडलं होतं. बाया आपापल्या घरांपुढं उभ्या राहिल्या, पदर नीट करून, न हसता. गिरडची टेकडी, वाळवंट, काही काही डोक्यात नव्हतं. मी इतकी चिडलेली होते की हात स्थिर ठेवायला मला श्वास धरावा लागत होता. अर्धा रोल तिथं संपला. रात्र वस्तीतच काढून दुसऱ्या दिवशी मी एकटीनं गिरडपर्यंत जाऊन आले. टेकडी तांबडी होती, सुंदर होती. पण मी ती दात आवळूनच पाहिली.

घरी पोचले तेव्हा भाऊ माझ्याशी बोलला नाही. पुढं किती तरी महिने बोलला नाही. मायनं पाण्याचा तांब्या हातात दिला आणि विचारलं, "पाह्यलं काय जे पाहाचं होतं ते?" मी हो म्हणाले. मग मी रडले आणि तिनं मला रडू दिलं.

मुंबईहून फिल्म धुऊन आली ती पार बिघडलेली. मे महिन्याच्या उन्हानं तिला खाल्लंच होतं. सगळ्यावर जांभळट झाक आली होती. पिवळ्या भिंती गुलाबी दिसत होत्या, गिरडची टेकडी वांग्याच्या रंगाची. हिवाळ्यात मी ती चित्रं घेऊन त्या वस्तीत गेले. म्हातारीनं फिल्मची एक चौकट सूर्यासमोर धरून खूप वेळ पाहिली.

"माही भीत अशी नोहती," ती म्हणाली.

"नोहती," मी म्हणाले. तिनं ती ठेवून घेतली, पण तिचं समाधान झालेलं नव्हतं आणि ते तिनं लपवलंही नाही. नाल्यावरची बंदी तशीच होती. पोलिसांत अर्ज द्यायला वस्तीतले दोघं गेले होते, त्यांना हाकलून दिलं होतं.

भावाशी पुढं बोलणं सुरू झालं, घर म्हटलं की होतंच. पण काही वर्षांनी त्यानं त्या दिवसाची एक गमतीची गोष्ट करून टाकली. पाहुणे जमले, जेवणं झाली, पान लागलं की तो ती सांगायचा. माझी बहीण वाळवंट शोधत समुद्रपूरला गेलती, मालगुजारानं धरून ठेवली, मी जाऊन सोडवून आणली. सोडवून! लोक पोट धरून हसायचे आणि माझ्याकडं कौतुकानं बघायचे. मी पुष्कळ वेळा ते ऐकून घेतलं. स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासली. घासून घासून हात लाल करून घेतले.

त्याच्या मोठ्या मुलीच्या साखरपुड्याला त्यानं ती पुन्हा काढली. मांडवात दोन्हीकडचे लोक होते. तो "मंग मी मालकाले म्हटलं" इथपर्यंत आला आणि मी उठून उभी राहिले.

"काय म्हटलं ते मी सांगते," मी म्हणाले. "मी तिथं होती."

आणि सगळं सांगितलं. नाला, टोपल्या, ओढलेली फिल्म, उन्हात उभी म्हातारी, जोडलेले हात, आणि त्यानं त्या बायांवर घेतलेला आळ, शब्दाला शब्द. मांडवात कुणी हसलं नाही. वहिनी म्हणाली, आजच्या दिवशी कशाला. नवरदेवाकडच्या एका म्हाताऱ्यानं खाकरून विषय बदलायचा प्रयत्न केला. भाऊ उठून बाहेर गेला. मी थांबले नाही, बोलत राहिले, कारण अजून बरंच सांगायचं राहिलं होतं.